भात दर वेळी गिच्च का होतो? पातेल्यातल्या भाताच्या तक्रारी आणि त्यावरचे उपाय

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. “तांदूळ तोच, पाणी तेवढंच, गॅसही तोच. तरी एकदा भात छान मोकळा होतो आणि दुसऱ्यांदा गोळा.” खोलात शिरलं की कळतं, तांदूळ तोच नसतो. दुकान तेच असतं, नाव तेच असतं, पण गोणी बदललेली असते. आणि पाणी ‘तेवढंच’ ठेवणं हाच घोटाळा असतो, कारण पाहुणे आले म्हणून तांदूळ तिप्पट घेतले की पाणीही तिप्पट घेतलं जातं.

विजेचा राइस कुकर घरात नसला तरी काही अडत नाही. तो कुकर काय करतो ते एकदा समजून घ्या, म्हणजे पातेल्यात काय करायचं ते आपोआप कळेल. जपानमध्ये १९५५ साली तोशिबाने पहिला स्वयंचलित राइस कुकर बाजारात आणला, त्यात एकात एक अशी दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यात थोडं मोजकं पाणी घालायचं. ते आटायला वीसेक मिनिटं लागत. पाणी असेपर्यंत भांडं शंभर अंशांच्या वर तापत नाही. पाणी संपलं की तापमान एकदम चढतं आणि त्यासरशी कळ बंद पडते. आजचे कुकरही याच तत्त्वावर चालतात. म्हणजे त्या यंत्राची करामत दोनच गोष्टींत आहे: पाणी संपल्याक्षणी आच थांबवणं आणि त्यानंतरही झाकण न उघडता भात आतल्या वाफेवर ठेवणं. घरच्या पातेल्यात नेमकं हेच दोन ठिकाणी चुकतं.

आधी शीत हातात घेऊन बघा

‘भात चिकट झाला’ एवढ्यावरून उपाय सांगता येत नाही. चिकटपणाचे प्रकार वेगळे आणि त्यांची कारणंही वेगळी. एक शीत अंगठ्यावर घ्या आणि दुसऱ्या बोटाने हलकेच दाबा.

शीत अख्खं आहे, टोकं शाबूत आहेत, आतून नीट शिजलंय, पण वरून खळीसारखा बुळबुळीत थर आहे आणि शितं एकमेकांना धरून बसलीत, तर तांदूळ नवा आहे किंवा नीट धुतला गेला नाही. पाण्याचा यात फारसा दोष नसतो. नुसतं पाणी कमी केलंत तर भात तितकाच चिकट राहील, वर आतून कच्चाही होईल.

शीत मधोमध उकललंय, कडा फुलासारख्या बाहेर वळल्यात, दाबलं की पीठ होतंय, तर पाणी जास्त झालं किंवा भात गरजेपेक्षा जास्त वेळ शिजला. शिजताना सारखा ढवळला तरी असंच होतं.

दाबल्यावर शीत चपटं होतं पण मधे दोन-तीन पांढरे ठिपके तसेच राहतात. ही कणी. बाहेरचा भाग शिजला आणि पाणी आतपर्यंत पोचलंच नाही. तांदूळ भिजवला नसेल, आच सुरुवातीपासून मोठी असेल, किंवा तांदूळ चांगला जुना असून पाणी नव्याच्या मापाने घातलं असेल, तर कणी राहते.

आणि पातेल्यातला वरचा भात सुटा, मधला ठीक, तळाचा मात्र ओला लगदा असेल, तर तुमचं माप बरोबर आहे. फक्त भात मुरायच्या आत तुम्ही झाकण उघडलंत. ही तक्रार सगळ्यांत जास्त आढळते आणि तिच्यावर पाणी कमी करण्याचा चुकीचा उपाय सगळे करतात.

गोणी बदलली की भात बदलतो

तांदळातला स्टार्च दोन प्रकारचा असतो, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असलेल्या तांदळाचा भात सुटा आणि जरा टणक होतो, अमायलोपेक्टिन जास्त असेल तर मऊ आणि चिकट. हे त्या वाणाच्या रक्तातच असतं. तुमच्या कौशल्याने ते थोडंफार इकडेतिकडे करता येतं, पार बदलता येत नाही.

त्यामुळे इंद्रायणीचा भात फडफडीत व्हावा म्हणून कोणी धडपडत असेल तर मला मनापासून वाईट वाटतं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून १९८७ साली हा वाण आला. आईकडून वास घेतला आणि मऊपणाही घेतला. साधं वरण, वर तूप, लिंबाची फोड आणि इंद्रायणीची मूद: हा तांदूळ त्यासाठीच आहे. मूद पडायला भात थोडा धरून राहावाच लागतो. आंबेमोहोर तर दाण्याने लहान आणि नाजूक, जरा उलथनं जोरात फिरलं की मोडतो. या दोघांकडून मसालेभाताची अपेक्षा करू नका.

मोकळा भात हवा असेल तर कोलम, एचएमटी, सोनामसुरी किंवा बासमती घ्या. एचएमटीचं श्रेय चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांचं. आपल्या शेतातल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं पारखून त्यांनी हा वाण तयार केला आणि त्या काळी घराघरांत असलेल्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं. बारीक दाणा, रोजच्या जेवणाला परवडणारा आणि निगुतीने केला तर बासमतीच्या तोंडात मारेल असा सुटा भात. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या नावाने विकला जाणारा सगळाच तांदूळ वाडा तालुक्यातला असतो असं समजू नका. प्रत्येक दुकानातला ‘कोलम’ वेगळा वागतो तो त्यामुळेच.

वाणाइतकंच महत्त्व नव्या-जुन्याला. खरिपाचं भात दिवाळीच्या आगेमागे कापलं जातं आणि नोव्हेंबर-डिसेंबरपासून नवा तांदूळ बाजारात उतरतो. “इतके दिवस भात नीट व्हायचा, आता अचानक काय झालं?” हा प्रश्न हिवाळ्यात वाढतो त्याचं कारण हेच. नव्या तांदळात ओलावा जास्त असतो, दाणा मऊ असतो आणि शिजताना त्यातला स्टार्च भराभर बाहेर येतो. काही महिने मुरला की दाणा घट्ट होतो, पाणी जास्त पितो, फुगतो जास्त आणि चिकटतो कमी. वर्षभर जुना तांदूळ महाग मिळतो तो उगीच नाही. दुकानदाराला ‘जुना आहे का’ एवढंच विचारून थांबू नका, किती महिन्यांचा आहे तेही विचारा. चार दाणे दाताखाली घ्या. जुना दाणा कटकन तुटतो. नवा चावताना किंचित नरम लागतो आणि दाताला चिकटतो.

नवाच तांदूळ गळ्यात पडला असेल तर तो आणखी एकदा धुवा, पाणी कमी घाला किंवा पुढे दिलेली वेळून काढायची, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून जास्तीचं पाणी ओतून काढायची, पद्धत वापरा.

धुण्याबद्दल एवढंच की चोळू नका. तांदूळ तळहातात घासले की दाणे मोडतात आणि मोडलेल्या कण्या बाकीच्या भाताला खळ लावतात. भरपूर पाण्यात बोटं फिरवायची, पाणी ओतायचं, असं तीन-चारदा. पाणी अगदी नितळ व्हायची वाट बघायची गरज नाही, तळाशी हात धूसर दिसला तरी पुरे. मग वीस मिनिटं ते अर्धा तास भिजत ठेवा आणि चाळणीत किंवा रोवळीत निथळा. भिजलेल्या दाण्यात पाणी आधीच मधल्या गाभ्यापर्यंत पोचलेलं असतं, त्यामुळे आतलं शिजेपर्यंत बाहेरचं फुटत नाही. बासमतीला हे भिजवणं सोडू नका, त्याची लांबी त्यातूनच येते. नव्या इंद्रायणीला मात्र दहा मिनिटांच्या वर ठेवू नका.

पाण्याचं माप: दुपटीचा नियम कुठे फसतो

‘एकास दोन’ हा नियम प्रत्येकाला पाठ आहे आणि एका वाटीपुरता तो ठीकच आहे. पण त्या दोन वाट्यांचं पुढे काय होतं ते बघा. त्यातलं साधारण दीड वाटी पाणी तांदूळ पितो. उरलेलं अर्धी वाटी वाफ होऊन जातं. तांदूळ दुप्पट केला की पिण्याचं पाणी दुप्पट लागतं, पण वाफ होऊन जाणारं पाणी दुप्पट होत नाही. पातेलं तेच, त्याचं तोंड तेवढंच, झाकण तेच आणि शिजायला लागणारा वेळही जवळपास तेवढाच.

म्हणून माप असं धरा: दर वाटी तांदळाला दीड वाटी पाणी, आणि वाफेसाठी म्हणून पातेल्यामागे एकदाच अर्धी वाटी. एका वाटीला दोन. दोन वाट्यांना साडेतीन. तीन वाट्यांना पाच. चार वाट्यांना साडेसहा. जुन्या नियमाने चार वाट्यांना आठ वाट्या पाणी पडलं असतं, म्हणजे तब्बल दीड वाटी जास्त. सणावारी, पाहुणे असतानाच भात का बिघडतो, त्याचं उत्तर या दीड वाटीत आहे.

हे माप जुन्या कोलमचं, एचएमटीचं आणि सोनामसुरीचं. नव्या तांदळाला आणि भिजवून निथळलेल्या बासमतीला दर वाटीमागे दीडऐवजी सव्वा धरा, वाफेचं अर्धी वाटी तसंच. रुंद तोंडाचं, सैल झाकणाचं पातेलं असेल तर वाफेचं पाणी पाऊण वाटी. घट्ट झाकणाचं, जाड बुडाचं, उभट भांडं असेल तर पाव वाटीतही भागतं. हे शेवटचं माप प्रत्येक घरात वेगळं निघतं, ते तुमचं तुम्ही एकदा ठरवून घ्या. त्यासाठी एकच पातेलं, एकच वाटी आणि एकाच गोणीतले तांदूळ ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणीही कमी केलं, आचही बदलली आणि भिजवलंही जास्त, तर भात सुधारला तरी कशाने सुधारला ते कळणार नाही.

बोटाचं पेर बुडेल इतकं पाणी, हे माप आमच्या आज्यांनी आयुष्यभर वापरलं आणि ते चालतंही, कारण त्यांचं भांडं आणि घरातली माणसं वर्षानुवर्षं तीच होती. तुमचं भांडं रोज बदलत असेल तर पेरावर विसंबू नका.

आच, झाकण आणि शेवटची दहा मिनिटं

पाण्याला आधण येऊ द्या. त्यात चवीपुरतं मीठ आणि चमचाभर तूप किंवा तेल. तुपाने फेस कमी येतो, त्यामुळे भात उतू जायचं भय कमी होतं. निथळलेले तांदूळ वैरा, एकदाच हलक्या हाताने तळापासून ढवळा आणि त्यानंतर चमचा खाली ठेवा. पहिली सहा ते आठ मिनिटं झाकण न ठेवता किंवा अर्धवट ठेवून मध्यम आचेवर उकळू द्या.

आता पातेल्याजवळून हलू नका, कारण बघायची खूण इथेच दिसते. पाणी आटत आटत भाताच्या पातळीला येतं. वर पाणी दिसेनासं होतं, आणि भाताच्या पृष्ठभागावर छोटी छोटी भोकं पडतात. त्या भोकांतून वाफ फुसफुसत वर येते, प्रत्येक भोकाच्या तोंडाशी एक बुडबुडा फुगून फुटतो. आवाजही बदलतो. आधीचा खळखळाट थांबतो आणि जाडसर बुडबुड ऐकू येऊ लागते. हीच वेळ. आच अगदी बारीक करा, झाकण घट्ट बसवा, बूड पातळ असेल तर पातेल्याखाली तवा सरकवा. यानंतर आठ ते दहा मिनिटं, आणि गॅस बंद.

पुढची दहा मिनिटं झाकणाला हात लावू नका. हा सगळ्यांत दुर्लक्षित टप्पा आहे आणि मी यावर अडून बसते. गॅस बंद केला त्या क्षणी पातेल्यातला भात सगळीकडे सारखा नसतो. तळाशी ओल जास्त असते, वर कमी, आणि प्रत्येक दाणा बाहेरून ओला तर आतून कोरडा असतो. झाकलेल्या वाफेत ही ओल सारखी वाटली जाते, दाण्यावरची चिकट खळ थोडी आळते आणि दाणा घट्ट होतो. गरम, नुकता शिजलेला दाणा फार नाजूक असतो. त्याच वेळी ढवळला तर मोडणारच. तोच दाणा दहा मिनिटांनी उलथन्याला दाद देत नाही.

या वेळात झाकणाला आतून पाण्याचे थेंब धरतात आणि भातावर गळतात. त्यासाठी झाकणाखाली स्वच्छ सुती फडकं घाला. ते थेंब टिपून घेतं. मात्र फडक्याची टोकं झाकणावर बांधून घ्या, गॅसच्या ज्योतीपाशी लोंबू देऊ नका. मग झाकण काढून कडेने उलथनं घाला, तळापर्यंत न्या आणि भात वर उचलून अलगद सोडा. गोल गोल फिरवायचं नाही. दोन मिनिटं उघडा ठेवा, अडकलेली वाफ निघून जाते.

प्रेशर कुकरमधल्या डब्यात होणारा गोंधळ

आपल्याकडे बहुतेक घरांत भात होतो तो कुकरच्या डब्यात, वरणाच्या डाळीसोबत. आणि तिथला मूळ पेच हा की डाळ आणि तांदूळ यांना एकसारखा वेळ लागत नाही. तूरडाळ बोटचेपी व्हायला चार-पाच शिट्ट्या मागते, तांदळाचं दोन-तीन शिट्ट्यांत आटोपतं. कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तिथे दोन शिट्ट्या जास्त म्हणजे भाताचा पार लगदा. म्हणून भाताला कमी शिजवण्याऐवजी डाळीला पुढे काढा. डाळ तासभर आधी भिजवा, चिमूटभर हिंग-हळद आणि थेंबभर तेल घालून खालच्या डब्यात ठेवा. भिजलेली डाळ तीन शिट्ट्यांत शिजते आणि भातही वाचतो.

डब्यात पाणी वाफ होऊन फारसं जात नाही, त्यामुळे वाफेचं म्हणून धरलेलं अर्धी वाटी पाणी इथे पाव वाटीवर आणा. भाताचा डबा वर ठेवा आणि त्यावर ताटली झाका, नाहीतर कुकरच्या झाकणाचं पाणी ठिबकून वरचा थर ओला होतो.

शिट्टी उचलून वाफ जबरदस्तीने काढायची सवय सोडा. आतलं पाणी तोवर शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं, दाब एकदम गेला की ते दाण्यांच्या आत-बाहेर उसळून उकळतं आणि शितं फुटतात. शिवाय हात भाजण्याची भीती आहेच. कुकर आपला आपण पडू द्या. पण पडल्यावर तासभर तसाच बंदही ठेवू नका. डब्यातला भात घामेजतो आणि खालून ओला होतो. कुकर पडला की डबा बाहेर काढायचा, ताटली बाजूला करायची, भात कडेने मोकळा करायचा.

भाचीच्या विजेच्या शेगडीची गोष्ट

माझी भाची जर्मनीत शिकते. तिचा फोन आला, “मावशी, तू सांगतेस तसंच करते. आच बारीक केली की भात उतू जातो आणि खाली लागतोसुद्धा. दोन्ही एकदम कसं होतं?” मी तिला व्हिडिओवर भात करायला लावला. शेगडी विजेची, तबकडीची. तिने बटण नऊवरून दोनवर आणलं, पण तबकडी पुढची पाच मिनिटं तितकीच तापलेली राहिली. गॅसची ज्योत कमी केल्याक्षणी कमी होते, तापलेली तबकडी होत नाही. झाकण लागलेलं, आच पूर्वीचीच, म्हणून फेस झाकण उचलून बाहेर आला. बरंचसं पाणी तसं वाया गेल्यावर उरलेला भात बुडाशी लागला.

उपाय सोपा निघाला. दुसरी तबकडी आधीच अगदी बारीकवर तापवून ठेवायची आणि भोकं पडली की पातेलं उचलून तिच्यावर न्यायचं. “आणि शेवटी बंद केल्यावर पातेलं तबकडीवरून उतरव गं, ती दहा मिनिटं गरमच असते,” हेही सांगावं लागलं. इंडक्शनच्या शेगडीला हा त्रास नाही, ती लगेच ऐकते. पण कमी आचेवर ती चालू-बंद होत राहते आणि पातळ बुडाच्या भांड्यात मधोमध गोल डाग पडतो. तिथे जाड बूड हवंच.

तिच्याकडे तांदूळ निघाला तो थायलंडचा जास्मिन. वास सुरेख, पण स्वभाव आपल्या इंद्रायणीच्या जवळचा, मऊ आणि धरून राहणारा. त्याला दर वाटीमागे एक वाटी पाणी आणि वाफेचं पाव वाटी एवढंच लागतं. परदेशात राहणाऱ्यांनी हे पाकिटावर बघून घ्यावं. ‘लांब दाण्याचा’ म्हणून जो मिळतो तो प्रत्येक वेळी बासमती नसतो.

बाकीच्या तक्रारी

भात पिवळट दिसतो. बोअरचं जड पाणी असेल तर असं होतं, कारण अल्कली पाण्यात तांदळातली रंगद्रव्यं पिवळी पडतात. आधणात लिंबाचे चार थेंब पिळा, भात पांढरा होतो आणि चवीला आंबट लागत नाही.

वर कच्चा, खाली करपलेला. बूड पातळ, आच मोठी, झाकण सैल. या तिघांपैकी निदान दोघं हजर असतात.

महाबळेश्वरला गेलो की भात होतच नाही, अशीही तक्रार येते. तिथली उंची सुमारे १,३५० मीटर, पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि त्या जास्तीच्या वेळात वाफही जास्त जाते. पाव वाटी पाणी आणि चार-पाच मिनिटं वाढवा, किंवा सरळ प्रेशर कुकर लावा.

मापाचा नाद सोडून वेळलेला भात

तांदूळ अनोळखी आहे, भांडं परकं आहे, किंवा वीस माणसांचा भात करायचा आहे, तर मी मापाच्या वाटेला जात नाही. कोकणात आणि गोव्यात भात वेळून काढतात, ती रीत सगळ्यांत खात्रीची. तांदळाच्या पाच-सहा पट पाणी मोठ्या पातेल्यात उकळायचं, मीठ घालायचं, तांदूळ वैरायचे आणि उघडेच शिजवायचे. आठव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक शीत काढून दाबा. बाहेरून मऊ आणि मधे सुईच्या टोकाएवढा एकच ठिपका उरला की लगेच वेळा. झाकण थोडं तिरपं धरून किंवा चाळणीत ओतून पेज काढून घ्या. मग भात त्याच पातेल्यात परत घाला, झाका, तव्यावर अगदी बारीक आचेवर पाच मिनिटं ठेवा आणि नंतर दहा मिनिटं मुरू द्या. तो शेवटचा ठिपका या वाफेत शिजतो.

सुटलेला स्टार्च पेजेबरोबर निघून जातो, म्हणून नवा तांदूळही असा बऱ्यापैकी सुटा होतो. पाण्यात उतरणारी जीवनसत्त्वंही तिच्यासोबत जातात, तेव्हा पेज मोरीत ओतू नका. मीठ, तूप, हवं तर जिरेपूड घालून प्या, किंवा आमटीत घाला. उकड्या तांदळालाही हीच रीत बरी. तो शिजायला वेळ घेतो, कधी अर्धा-पाऊण तासही. मोजक्या पाण्यात तो अर्धवट राहून बुडाशी लागतो.

बिघडलाच तर

कणी राहिली असेल तर कढत पाण्याचा हबका मारा, गार पाण्याचा नको. ओलं फडकं घालून झाका आणि बारीक आचेवर पाच-सात मिनिटं ठेवा.

पाणी उरलं असेल तर आच वाढवून आटवत बसू नका, दाणे फुटतील. पाणी निथळून टाका आणि भात दोन-तीन मिनिटं उघडा ठेवून बारीक आचेवर कोरडा होऊ द्या.

करपला असेल तर पहिल्यांदा ढवळायचा मोह आवरा. वरचा भात चमच्याने अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, तळाला धक्का लावू नका. खरवड खरवडून त्यात मिसळली की सगळ्याच भाताला वास लागतो.

गिच्च झाला तर परातीत पसरून पंख्याखाली ठेवा, थोडा सुटतो. पार लगदा असेल तर त्याच्याशी झगडू नका. दूध-दही घालून, वर मोहरी-मिरचीची फोडणी देऊन दहीभात करा. दहीभाताला असा आसट भातच लागतो. लहान मुलं असतील तर मेतकूट-तूप घालून गुरगुट्या भात.

फोडणीच्या भातासाठी मात्र मुद्दाम आदल्या दिवशीचा भात घ्या. गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि दाणा न् दाणा सुटतो, ताज्या भाताला ते जमत नाही. तो भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. तांदळावर असणाऱ्या एका जिवाणूची बीजं उकळूनही मरत नाहीत, उबेत ती वाढतात आणि त्यातल्या काहींचं विष परत गरम केल्यानेही जात नाही. जेवणं झाली की उरलेला भात पसरट डब्यात काढा, तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. कढईत टाकण्याआधी ओल्या हाताने गुठळ्या फोडून घ्या, म्हणजे परतताना उलथन्याने दाणे मोडावे लागत नाहीत.